उलटी पाचर

शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसांनी त्या सकाळी तिला पाहिलं, तेव्हा ती एका जीपला शिव्या देत होती.

प्रार्थना आटोपून वर्ग सुरू झाले होते आणि रस्ता रिकामा होता. शाळेसमोरचा तो रस्ता म्हणजे गावातला एकुलता एक सरळ रस्ता. बाकी सगळीकडे चढ, नाहीतर वळणं. त्या सरळ रस्त्यावरून एक जुनी हिरवी जीप येत होती, पण सरळ मात्र येत नव्हती. जराशी उजवीकडे जाई, मग जास्तच डावीकडे, मग पुन्हा काहीतरी आठवल्यासारखी उजवीकडे. फाटकाच्या अलीकडे ती डावीकडे गेली ती गेलीच, आणि पुढचं चाक शाळेच्या फुलझाडांच्या वाफ्यात घालून थांबली.

आतून एक बाई उतरली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, गळ्यात मापाची फीत, कानामागे खडूचा तुकडा. उतरल्या उतरल्या तिने चाकाला एक लाथ घातली.

"सरळ जायला काय काटे टोचतात का गं तुला, भवाने? मी धरलंय ना चाक? मी धरलंय ना? मग तुला कोण बोलावतंय त्या बाजूला?"

शाळेचा शिपाई धावत आला. माणूस थट्टेखोर. त्याने आधी वाफ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दात काढून म्हणाला, "काय ताई, सकाळी सकाळीच घेतली की काय?"

ती गप्प झाली. एवढ्या आरडाओरड्यानंतरची ती शांतता शिपायाला आवडली नसावी, कारण तो एक पाऊल मागे सरकला.

"काय म्हणालास?"

"गंमत केली ताई."

"ये इकडे. ये म्हणते ना! वास घे माझ्या तोंडाचा." तिने आपलं तोंड त्याच्या नाकापुढे नेलं. "आला? कसला आला?"

"चहाचा," शिपाई कसाबसा म्हणाला.

"मोठ्याने सांग."

"चहाचा ताई! नुसत्या चहाचा!"

"लक्षात ठेव. कोणी विचारलं तर हेच सांगायचं. गाडी वाफ्यात गेली आणि चालवणारीच्या तोंडाला चहाचा वास होता."

एव्हाना फाटकावर देखरेखीला असलेल्या शिक्षिका पुढे आल्या होत्या. झाडांबद्दल काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात होतं आणि वाफ्याकडे दाखवायला बोटही उचललं होतं. ते त्यांनी हळूच पदराआड घेतलं. तिने जीप मागे घेतली, मोडलेली दोन रोपं उतरून पुन्हा मातीत खोचली, आणि माणूस चालेल एवढ्या वेगात गाडी वळवून ती निघून गेली. आधी न दिसलेली एक गोष्ट जाताना मात्र सगळ्यांना दिसली. बाई रडत होती, आणि रडताना आणखी संतापत होती.

गावात तिला तोफ म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. बाजाराच्या मागे पत्र्याची एक लांब शेड आहे, तिचे दोन भाग. एका भागात तिचा नवरा, गावाचा मिस्त्री, गाड्या दुरुस्त करी. दुसऱ्या भागात ती गाड्यांच्या सीटा आणि जीपचे कापडी टप शिवी. मधे भिंत नव्हती, जुनी ताडपत्री टांगलेली होती. इकडे मशीनची घरघर, तिकडे हातोडीची ठाकठूक, आणि दोन्हींच्या वरून तिचा आवाज. तिची शिवण मात्र आवाजाच्या अगदी उलट. जाड कॅनव्हासवर ती अशी दोरी चालवी की टाके मोजून घातल्यासारखे वाटत. हाताला घट्टे, सुईने भोसकलेली बोटं, आणि चूक झाली की स्वतःलाच मोठ्याने बोल लावायची खोड.

मिस्त्री अबोल होता. हत्यारं पुसून जागेवर ठेवल्याशिवाय जेवायला न उठणारा, कामाला पक्का, आणि त्या पक्केपणाचा त्याला अभिमान होता. "माझ्या हातून सुटलेली गाडी सरळच जाते," हे तो एवढ्या वेळा म्हणे की गिऱ्हाईकंही म्हणू लागली होती.

हिरवी जीप तिच्या बाबांची. डोंगरावरच्या वस्त्यांना माणसं नेण्या-आणण्याचा त्यांचा धंदा होता. तिचे दुधाचे दात त्या जीपच्या दांड्यावर आपटून पडले, आणि चालवायलाही ती त्याच जीपवर शिकली. बाबांच्या मागे जीप तिच्या भावाकडे आली. त्याला सगळे धाकटा म्हणत, केस पिकू लागले तरी. धाकट्याचा हात गाडीवर चांगला होता. दुसरा हात मात्र बरीच वर्षं बाटलीवर होता. मग एकदा बहिणीच्याच ओसरीवर बसून त्याने दारू सोडली. कशी सोडली ते तिला आणि त्यालाच ठाऊक. तेव्हापासून त्याच्या खिशात बडीशेपेची डबी असे. तल्लफ आली की तो चिमूटभर तोंडात टाकी आणि गाडीला गिअर घाली. बाकी कुठली करमणूक त्याने ठेवली नव्हती.

जीपचे पुढचे स्प्रिंगचे पाटे खचले तेव्हा त्याने ती अर्थातच दाजींकडे आणली. मिस्त्रीने नवे पाटे घातले, स्टेअरिंगचे झिजलेले सांधे बदलले, सगळं आवळलं, आणि जीप परत दिली. दोन-चार फेऱ्यांतच धाकटा परत आला.

"दाजी, गाडी भटकते."

"भटकते म्हणजे?"

"मोकळ्या रस्त्याला लागली की कुठेही निघते. सारखं धरून आणावं लागतं."

मिस्त्रीने जीप जागच्या जागी उभी ठेवून चाक हलवलं. बोटभरसुद्धा खेळ नव्हता. तरी त्याने स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आणखी थोडा आवळून दिला. पुढच्या आठवड्यात धाकटा पुन्हा आला. आता चाक जड झालं होतं आणि गाडी होती तशीच भटकत होती.

"गाडी नाही भटकत," मिस्त्री हातातला पाना पुसत म्हणाला, "चालवणारा भटकतोय. दोन्ही हातांनी धरत जा."

धाकटा जीप घेऊन गेला. आणि मग ते झालं. डोंगर उतरून खालच्या सपाट रस्त्याला लागल्यावर, ना वळण ना समोर कोणी, जीप आपली आपण कडेच्या चरात गेली. पुढच्या सीटवर वस्त्यांमधून फिरणाऱ्या नर्सबाई होत्या. त्यांचा हात कोपराखाली मोडला. बाकीच्यांना खरचटलं. सरळ रस्त्यावर, भर दिवसा, रिकाम्या वाटेवर गाडी चरात जाते म्हटल्यावर लोकांनी आणखी कसला विचार करायचा? जो पूर्वी पीत होता तो प्यायला असणार. तोंडाला बडीशेपेचा वास होता म्हणजे तर नक्कीच. वास लपवायलाच खातात ना ती?

बातमी शेडमध्ये आली तेव्हा तोफ मशीन तशीच सोडून धावत सुटली. धाकटा चराच्या काठावर बसला होता, कपाळावरून रक्त येत होतं, भोवती माणसं जमली होती. तिने काय करावं? तिने त्याची हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी, आणि सगळ्यांसमोर त्याचं तोंड हुंगलं.

"ताई," तो म्हणाला, "मी चाक धरलं होतं."

दारूचा वास नव्हता. पण तिने हुंगलं होतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सख्ख्या बहिणीलाच जिथे शंका, तिथे बाकीच्यांनी कशाला मागे राहायचं? जीपांच्या थांब्यावरच्या प्रमुखाने, ज्याला सगळे अध्यक्ष म्हणत, धाकट्याचा नंबर रांगेतून काढून टाकला. मिस्त्री नर्सबाईंना भेटायला गेला आणि सांगून आला की गाडी त्याने स्वतः तपासली होती, तिच्यात काही दोष नव्हता. पुढे तो सुस्कारा टाकून म्हणाला, "सवय सुटत नसते हो अशी." त्यात त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. त्याचा त्यावर विश्वास होता.

तोफेच्या लेकीने एका दुपारी शाळेतून येऊन दप्तर भिरकावलं. वर्गात मुलं स्टेअरिंग धरल्यासारखे हात करून झोकांड्या खात चालून दाखवत होती. "मामा, मामा" म्हणत. तोफ त्या दिवशी एवढी भडकली की तिने हातातला टप कापता कापता वाकडा कापला आणि मग त्या कापडालाच झोडपलं. पण राग नक्की कोणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं. पोरांवर? लोकांवर? भावावर? रात्रंदिवस तो राग तिच्या आत मोकाट जनावरासारखा फिरत होता.

त्याला दावं मिळालं ते धाकट्याच्या एका वाक्याने. तो तिच्या शेडमध्ये आला, बडीशेपेची डबी तिच्या मशीनवर ठेवली आणि म्हणाला, "ही राहू दे तुझ्याकडे."

"का?"

"सगळे म्हणतातच आहेत ना ताई, तर पितोच आता. निदान त्यांना खोटं बोलल्याचं पाप तरी लागायचं नाही."

तो हसत म्हणाला, म्हणून ती जास्त घाबरली. ते हसू तिने पूर्वी पाहिलं होतं. ओसरीवरचे ते दिवस पुन्हा आले तर या वेळी तो त्यातून उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. तो गेल्यावर ती बराच वेळ डबीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताडपत्रीपलीकडे उभी असलेली, अपघाताचे पोचे काढून पुन्हा ठाकठीक केलेली हिरवी जीप बाहेर काढली. कोणाला विचारलं नाही. आणि शाळेसमोरच्या सरळ रस्त्यावर नेली.

वाफ्यातून परतताना तिला कळून चुकलं होतं की चाक धरूनही धरता येत नाही असं काहीतरी असतं. शेडमध्ये जीप उभी करून ती उतरली.

"अहो मिस्त्री!"

एरवी ती नुसतं अहो म्हणे. अहोला मिस्त्री चिकटला की शेडमधली माणसं आपापली कामं आठवत. चहावाल्याने भरलेले पेले तसेच उचलले आणि तो बाहेर गेला. मिस्त्री एका पिकअपखाली पडला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"बाहेर या."

"काम चाललंय."

"बाहेर या, नाहीतर मी आत येते."

तो बाहेर आला.

"मी प्यायलेय का?"

"काय?"

"सरळ विचारतेय. प्यायलेय का मी?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग ही माझं का ऐकत नाही? शाळेच्या वाफ्यात नेऊन घातली तिने मला. तो शिपाई मला विचारतो, घेतली का म्हणून. मला!"

"तुला सवय राहिलेली नाही."

"सवय? या गाडीवर दात पाडलेत मी! मला सवय शिकवू नका."

मिस्त्रीने निमूट जीपचं चाक धरून हलवून दाखवलं. "बघ. आहे खेळ? काडीचा नाही."

"खेळाचं कोण बोलतंय? मला हे सांगा, वळण घेतलं आणि चाक सोडून दिलं तर ते आपलं आपण परत यायला हवं की नको? बाबांच्या वेळी यायचं. हातातून सरसर सरकत यायचं. आता जिथे सोडावं तिथेच बसून राहतं, रुसलेल्या जावयासारखं!"

मिस्त्री थबकला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे धाकटा सांगत होता ते हेच, पण त्याने ऐकलं नव्हतं.

"परत यायला एक्सलला कल लागतो," तो म्हणाला. "सायकलचा पुढचा काटा कसा मागे कललेला असतो? म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. तसं. नवे पाटे घातल्यावर हिचा कल गेला होता. म्हणून तर मी पाचरी मारल्या, पाटा आणि एक्सलच्या मधे. माझ्या हाताने मारल्यात."

"कशा?"

"कशा म्हणजे? पाचर एका बाजूला जाड असते. जाड बाजू ड्रायव्हरकडे. उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हे. आजवर एक गाडी परत आलेली नाही."

"ही आली की. दोनदा आली. तुम्ही परत पाठवलीत."

आणि ती, साडी खोचून, जीपखाली शिरली. पाठीला तेल लागलं, डोक्याला नट लागला, तिने त्या नटाचाही उद्धार केला. मग तिथून निघून ती शेजारच्या पिकअपखाली शिरली. मग परत जीपखाली. मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा.

"अहो, या पिकअपचा पाटा एक्सलच्या वर बसलाय."

"बहुतेक गाड्यांचा वरच असतो."

"जीपचा खाली आहे."

"जुन्या जीपचा खालीच असतो."

"आणि पाचर दोन्हींना सारखीच?"

मिस्त्री जीपखाली वाकून बघू लागला.

ती बाहेर आली. कानामागचा खडू घेऊन तिने फरशीवर एक बाही काढली. "टपाला बाहेरून तुकडा लावायचा असला तर मी सुलटा कापते. आतून लावायचा असला तर तोच तुकडा उलटा कापावा लागतो. झग्याच्या बाह्यांचंही तेच. एक उलटी कापली नाही तर दोन्ही उजव्याच होतात. शिकाऊ असताना मी केली होती ती चूक, आणि शिवण शिकवणाऱ्या बाईंनी मला तो झगा घालून बसवलं होतं. तुमच्या उस्तादांनी वरच्या पाट्याचं शिकवलं. तुम्ही ते खालच्याला लावलंत."

मिस्त्रीने आपले दोन्ही तळहात पुढे धरले. एक एक्सल, एक पाटा. पाटा वर ठेवून त्याने एक्सल मागे कलवला. फट मागच्या बाजूला पडली, ड्रायव्हरकडे. मग त्याने पाट्याचा तळहात खाली नेला आणि तसंच कलवलं. फट पुढे पडली. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पुढेच. गाडीला हवा होता तो कल त्याने स्वतःच्या हाताने उलट आणखीच बिघडवून ठेवला होता.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला आणखी काही विचारायची गरज राहिली नाही.

मिस्त्रीने हातातलं काम बाजूला ठेवून त्याच दुपारी जीपचे यू-बोल्ट सोडले, पाचरी काढून फिरवल्या, पुन्हा आवळल्या, स्टेअरिंग बॉक्सचा जास्तीचा पीळ काढला. मग तो जीप घेऊन गेला आणि परत आला तो जवळजवळ आनंदात.

"आता बघ. वळणावर चाक सोडलं, सरसर परत. रेघ मारल्यासारखी जाते. धाकट्याला निरोप दे, घेऊन जा म्हणावं. स्टेअरिंग जरा पुन्हा बसवलंय म्हणून सांग."

"जरा?"

"झालं ना काम?"

"झालं?" तिने कात्री खाली ठेवली. "नर्सबाईंच्या हाताला प्लास्टर आहे. माझ्या भावाचं नाव रांगेतून काढलंय. लेकीला वर्गात झोकांड्या खाऊन दाखवतात. आणि तुमचं झालं?"

"मी काय मुद्दाम केलं?"

"पाचर मुद्दाम नाही केलीत. पण नर्सबाईंना जाऊन सांगितलंत ते? सवय सुटत नसते म्हणून? ते तर चुकून नाही ना पडलं तोंडातून?"

"अगं, माझ्याकडे गाड्या येतात त्या नावावर येतात. उद्या हे बाहेर पडलं तर जो तो येईल, मिस्त्री माझी पण बघा, उलटी नाही ना."

"मग बघा! एकेकाची बघा! खाली झोपून बघा!"

"चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायचंय तुला."

"नाक तुमचं, कात्रीही तुमचीच. मी फक्त सांगतेय की कापलं गेलंय."

तो आपल्या बाजूला गेला आणि हत्यारं पुसू लागला. पुसलेलीच पुन्हा पुसू लागला. तिने ताडपत्री हिसडून बाजूला केली. या वेळी ती ओरडली नाही, आणि मिस्त्रीने नंतर एकदा कबूल केलं की तेच त्याला जड गेलं.

"तो मला काय म्हणाला माहितेय? सगळे म्हणतातच तर पितोच, म्हणाला. ही त्याची डबी. आज ना उद्या तो पिणार. त्याने घेतली तर ती पाजलेली तुम्ही असाल. आणि मी रोज त्याच माणसाच्या ताटाशेजारी ताट घेणार नाही. एवढंच."

मिस्त्रीने पाना ठेवला. तेलाचे हात रॉकेलने धुतले, मग साबणाने धुतले. भिंतीवरच्या फुटक्या आरशात बघून त्याने केसांवरून कंगवा फिरवला. लग्नालाही त्याने एवढा वेळ घेतला नव्हता. मग दोघं जीपमध्ये बसून थांब्यावर गेले. ती चालवत होती.

थांब्यावर संध्याकाळच्या फेरीची गर्दी होती. अध्यक्ष बाकावर बसून माणसं मोजत होता. नर्सबाई गळ्यात झोळी अडकवून, त्यात हात टाकून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात औषधांची पेटी. धाकटा पलीकडे टपरीच्या भिंतीला टेकून होता. गाडी नव्हती तरी तो तिथे रोज येऊन उभा राही. दुसरीकडे कुठे उभं राहायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

मिस्त्री उतरला आणि काहीतरी बोलला.

"मोठ्याने," तोफ म्हणाली.

"पाचर मी उलटी मारली होती," मिस्त्री म्हणाला. "गाडीत दोष होता. माझा. तो प्यायला नव्हता."

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग एक जण फिस्सकन हसला. "बायकोच्या भावाला पाचर मारलीत होय मिस्त्री?" आणि सगळा थांबा हसला. तोफेने त्या माणसाकडे नुसतं पाहिलं. त्याचं हसू तोंडातच विरलं. अध्यक्ष म्हणाला, "म्हणजे गाडी आता ठीक आहे ना? मग आताच लाव नंबर, धाकट्या." एवढंच. ज्या सहजपणे नाव काढलं होतं त्याच सहजपणे त्याने ते परत घातलं. त्याला कुठे काही लागलं नव्हतं.

लागलं होतं ते नर्सबाईंना. त्या पुढे आल्या.

"मिस्त्री, तुम्ही मला भेटायला आलात. खाटेशी बसलात. मी तुम्हाला विचारलं होतं, गाडीचं काही बिघडलं असेल का? कारण मी शेजारी बसले होते, मला दिसत होतं, हा माणूस चाकाशी कुस्ती खेळतोय. मी विचारलं, आणि तुम्ही नाही म्हणालात. मग मीही गप्प बसले. माझा हात बरा होईल. पण मी गप्प बसले ते तुमच्या भरवशावर, याचा मला तुमच्याइतकाच माझाही राग येतोय."

मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. दुसरं तो काय करणार?

तोफ धाकट्याकडे गेली. तिच्या मनात होतं की तो आता हसेल, निदान डोळे पुसेल. तिने जीपची किल्ली आणि बडीशेपेची डबी त्याच्यापुढे धरली. त्याने किल्ली घेतली, डबी घेतली. आणि मग, इतक्या हळू की फक्त तिलाच ऐकू गेलं, म्हणाला, "ताई, पाचर दाजींनी मारली. तोंड तू हुंगलंस."

गावाने तोफेला एवढी गप्प कधी पाहिलेली नाही. तिच्याजवळ सगळ्यांना द्यायला उत्तर होतं. मिस्त्रीला, शिपायाला, जीपच्या नटालासुद्धा. याला नव्हतं. धाकटा जीपमध्ये बसला, नर्सबाई त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर चढल्या, पेटी मांडीवर घेतली, आणि जीप थांब्यातून निघून रेघेसारखी सरळ गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तोफ उभी होती. परतताना मिस्त्री काहीतरी बोलायला गेला, तेव्हा मात्र तिला आवाज सापडला, आणि शेडपर्यंतच्या सगळ्या घरांना तो ऐकू आला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मिस्त्रीचं काम कमी झालं नाही. उलट जुन्या जीपवाले लांबून येतात, आणि कोणतीही गाडी आली की तो आधी खाली वाकून पाटा वर आहे की खाली ते बघतो. यावरून थांब्यावर त्याची थट्टा होते आणि तो ती सोसतो. धाकटा अजून पीत नाही. तो भाचीला शाळेतून घरापर्यंत सोडतो, दारात हॉर्न वाजवतो, उतरत नाही. दाजींशी रस्त्यात भेट झाली तर मान हलवतो. बहिणीशी बोलतो, पण कामापुरतं. आणि तिचा तो राग, जो सगळ्या गावाने पाहिला, त्या तोंड हुंगण्याची भरपाई म्हणून त्याने अजून तरी मान्य केलेला नाही. तिला त्याचा राग येतो. तो बरोबर आहे याचा जास्त येतो.

जीपची दुरुस्ती तो दुसऱ्या गावी करून घेतो. टप मात्र तो तिच्याकडूनच शिवून घेतो. जीप शेडमध्ये आणत नाही, म्हणून मापं घ्यायला फीत आणि खडू घेऊन तीच थांब्यावर जाते.